गच्ची कुणाची, वाळवणाची की भाजीची?

"मावशी नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते, घरात सासू-सासरे, नवरा, मी आणि ४ वर्षांची मुलगी. डिसेंबरात सासऱ्यांना शुगर निघाली, मुतखड्याचा त्रास आधीपासून आहेच. डॉक्टरांनी पालेभाज्या खा म्हणून सांगितलं. बाजारच्या भाजीवर फवारण्या असतात म्हणून मी ठरवलं घरीच लावायची, फेब्रुवारीत ऑनलाईन ६ हजारांचं किट मागवलं. कुंड्या, माती, बी सगळं होतं त्यात, ब्रोकोली, लेट्यूस, चेरी टोमॅटो, शिमला मिरची. मार्चपर्यंत छान होतं, एप्रिलमध्ये सगळं करपलं. नळाला पाणी चार दिवसाआड. सासूबाई म्हणतात, 'प्यायला पाणी नाही अन् ही झाडाला घालूलालीय', शिवाय त्यांना वाळवणाला गच्ची पाहिजे. नवरा म्हणतो स्लॅब गळेल. परत करू का नाद सोडू? – गच्चीवरून उतरलेली सून"

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हसूच आलं मला, तुझं नाही गं, माझंच. ११ वर्षांपूर्वी मी डिट्टो हेच केलंय. किटबिट नव्हतं तेव्हा, पण पश्चिमेच्या कठड्याला लागून ओळीनं १४ कुंड्या मांडल्या, गेरू लावून रंगवल्या, आणि त्यात टोमॅटो, तेही मार्च महिन्यात. दुपारी चारला त्या कठड्याला हात लागला की चटका बसायचा, तरी मला आपलं वाटायचं पाणीच कमी पडतंय, म्हणून भर दुपारी वर जाऊन अजून पाणी घाल, आणि ते पाणी कुठलं तर उन्हात तापलेल्या काळ्या पाईपातलं. मुळं शिजली गं बिचाऱ्यांची. उसळ शिजते तशी. आणि मी महिनाभर म्हणत बसले की माझा हात चांगला नाही, माझ्या हातचं झाड जगत नाही.

तर तुझं उत्तर आधी सांगते, कारण पुढं मी पाल्हाळ लावणार आहे हे तुला माहितीच आहे. नाद सोडू नकोस. पण आत्ता मे महिन्यात काहीसुद्धा लावू नकोस. मे महिन्यात गच्ची सासूबाईंची, कुरडया, पापड, सांडगे, काय घालायचंय ते घालू दे त्यांना, तू पण वर जाऊन कावळे हाकल. झाडाची गच्ची मृगाला सुरू होते, म्हणजे ७-८ जूनच्या पुढं, आणि फेब्रुवारी संपता संपता आवरती घ्यायची. बघ म्हणजे भांडण कुठंय? त्यांना गच्ची लागते तेव्हा झाडाला ती नको असते, आणि झाडाला लागते तेव्हा वाळवण वाळत नसतं. तू चुकलीस ती एवढ्याच ठिकाणी, ज्या महिन्यात सोलापूरकर झाडं जगवायच्या मागं लागतो त्या महिन्यात तू लावायला घेतलीस.

किटवाल्याचं काय सांगायचं. त्याला देशभर एकच डबा पाठवायचा असतो, बेंगळुरूला पण तोच आणि आपल्याला पण तोच. ब्रोकोली, लेट्यूस ही थंडीची पिकं आहेत, लेट्यूसला ऊन लागलं की ते तुऱ्यावर जातं आणि पान कडू होतं. टोमॅटोचं झाड उन्हाळ्यात जगतं सुद्धा, हिरवंगार दिसतं, पण दिवसा ३५ च्या वर पारा गेला आणि रात्रही गरम राहिली की फूल येतं आणि गळून पडतं, फळच धरत नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४२-४३ नेहमीचंच, त्यात गच्चीवर खालून स्लॅब भाजतोय आणि बाजूनं कठडा. तुझं झाड करपलं नसतं तरी तुला टोमॅटो मिळाला नसता. म्हणून ते मनातनं काढून टाक, ६ हजार गेले ते गेले, कुंड्या तर आहेत ना शिल्लक? आणि माती फेकली नाहीस ना? फेकू नकोस. पसरून उन्हात आठ-दहा दिवस तापू दे, आपल्या उन्हाचा तेवढा एक फुकटचा फायदा, किडीची अंडी-बिंडी मरतात.

आता पाणी, कारण खरी अडचण तीच आहे आणि सासूबाई त्याबाबतीत अजिबात चूक नाहीत. उजनी भरो न भरो, आपल्या नळाचं चक्र चार-पाच दिवसांचं, ज्या बाईनं आयुष्यभर घागरी मोजून पाणी वापरलंय तिला कुंडीत ओतलेला प्रत्येक तांब्या दिसतो. मग त्यांना भावनेनं नको, हिशेबानं सांग. तेलाच्या १५ किलोच्या डब्याएवढी कुंडी असेल तर पावसाळा-हिवाळ्यात तिला दिवसाला अर्धा-पाऊण लिटर पुरतं, ऊन वाढलं की दीड लिटर. १२ कुंड्या धर. हिवाळ्यात दिवसाला ९ लिटर, चार दिवसांचे ३६. म्हणजे दोन बादल्या आणि वर थोडं. आणि हे ३६ लिटर नळाचं असायला पण पाहिजे असं नाही, तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं, चिमुकलीच्या पाण्याच्या बाटलीत शाळेतनं उरून आलेलं, असं एका बादलीत साठवत जा, रोजचं चार-पाच लिटर सहज निघतं पाच माणसांच्या घरात. मी तर दोन वर्षं बादलीवर खडूनं मांडलं होतं. त्या खडूच्या रेघा बघून आमच्या सासूबाई गप्प झाल्या, माझ्या बोलण्यानं कधीच झाल्या नसत्या.

दोन पाणी मात्र घालू नकोस. एक कपडे-भांड्यांचं साबणाचं, मी घातलंय, माती दगडासारखी झाली आणि मिरची पिवळी पडून गेली. दुसरं आरओ फिल्टरच्या पाईपातनं वाया जातं ते. सगळीकडं लिहिलेलं असतं की ते झाडाला वापरा, पण आपल्याकडं बोअरचं पाणी मुळात क्षारांचं, फिल्टर त्यातले क्षार काढून त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच सोडतो, म्हणजे अजूनच खारं पाणी. कुंडीच्या काठाला पांढरा थर दिसायला लागला, पानांच्या कडा जळाल्यासारख्या झाल्या की ओळखायचं. त्या पाण्यानं फरशी पूस, गाडी धू. पाणी घालायचं पहाटे, नाहीतर दिवे लागल्यावर. आणि साठवलेली बादली झाकून ठेव गं बाई, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आठवड्यातनं एकदा सगळी भांडी रिकामी करून घासून कोरडी करायची. कुंड्यांखालच्या थाळ्या पण. घरात लहान मूल आहे म्हणून दोनदा सांगते.

ओल उडून जाऊ नये म्हणून मातीवर काहीतरी पांघरूण लागतं, आणि ह्यासाठी सोलापूरसारखं गाव नाही. शेंगांची टरफलं! शेंगाचटणी करणाऱ्यांच्या गावात टरफलाला काय तोटा, मातीवर दोन बोटं थर दिला की पाणी जास्त वेळ टिकतं. कडबाकुट्टी मिळाली तर ती. आणि रसवंतीवरची उसाची चिपाडं, घुंगरू वाजतंय तिथं एक पोतं घेऊन जा, बहुतेक जण फुकट देतात, उलट त्यांचा कचरा कमी होतो. फक्त चिपाड तसंच आणून कुंडीत घालू नकोस, साखर असते त्यात, मुंग्यांची जत्रा भरेल. दोन दिवस पाण्यात भिजवायचं, पाणी ओतून द्यायचं, वाळवायचं, मग हातानं तोडून कुंडीच्या तळाशी अर्ध्यापर्यंत भरायचं. ते वर्षभरात कुजून स्वतःच खत होतं आणि वजन निम्म्यानं कमी राहतं. चादरी-टॉवेलच्या कारखान्यातला सुताचा भुगा वापरा असंही कुणीतरी तुला सांगेल, नको, त्याला रंगाची रसायनं लागलेली असतात.

वजनाचं निघालंच आहे तर नवऱ्याचं. गळतीची त्याची भीती पण फुकटची नाही. आपली काळी माती ओली झाली की एका घनफुटाला ४५-५० किलो भरते, पाच-सहा मोठे ड्रम मातीनं भरून गच्चीच्या मधोमध ठेवलेस तर मी पण त्याच्याच बाजूनं बोलेन. कुंड्या भिंतीच्या, बीमच्या वर येतील अशा कडेकडेनं ठेव, विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर, चार बोटं उचलून, म्हणजे खालनं वारं खेळतं, ओल दिसते, झाडता येतं. पाणी जायचं भोक पाल्यानं बुजू द्यायचं नाही, बऱ्याच गळत्या त्यानंच होतात. आणि आधीच कुठं ओल येत असेल तर पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग, झाडं नंतर. घर जुनं असेल, स्लॅबबद्दल शंका असेल तर एखाद्या इंजिनिअरला वर नेऊन दाखव, चहा पाजला की सांगतो तो. गच्चीच्या फरशीवर थेट मातीचे वाफे करायचे व्हिडिओ बघितले असशील, ते राहू दे.

माती कशी भरायची तर नुसती काळी माती कुंडीत चालत नाही. शेतात ती सोनं आहे, कुंडीत वाळली की भेगा पडतात, पाणी कडेनं भसकन खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच. तळाला चिपाड, त्याच्यावर एक वाटा माती, एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत, एक वाटा कोकोपीट, कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट आधी भिजवून एकदा पिळून धुऊन घे, त्यात पण खार असतो. आणि "कुजलेलं" ह्या शब्दाखाली रेघ मार. ताजं शेण घातलं की हुमणी होते, पांढरी जाड अळी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, मुळं खाऊन टाकते आणि वरनं रोप उभ्या उभ्या माना टाकतं. तुला वाटतं पाणी कमी पडलं.

खत विकत घ्यायची गरज पहिल्या वर्षानंतर राहत नाही. आत्ता मेमध्ये बसून तेच सुरू कर, एका जुन्या बादलीला खाली-बाजूला भोकं पाडून, एक ओंजळ ओला कचरा, त्यावर दोन ओंजळी वाळलेला पाला, परत कचरा, परत पाला, वर थोडी माती नाहीतर आंबट ताक शिंपडायचं. आपल्या गरमीत दीड-दोन महिन्यांत काळं भुसभुशीत खत होतं, मातीचा वास येणारं. कुबट वास आला म्हणजे पाणी जास्त झालं, पाला वाढव. मुंग्या झाल्या म्हणजे कोरडं पडलं, पाणी शिंपड. मध्येच त्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नकोस, त्या खतच करतायत. शिळं, तेलाचं, मटण-मासळीचं त्यात घालायचं नाही, मांजरं येतात.

बरं, आता लावायचं काय. इथं माझं मत जरा कडक आहे. माळावर, बांधावर, आपल्या उन्हात जे स्वतःहून येतं ते आधी लाव, ब्रोकोली नंतर बघू. पहिली अंबाडी. पहिली, दुसरी, तिसरी पण अंबाडीच म्हणाले असते. तिला पाणी कमी लागतं, कीड सहसा लागत नाही, बी टाकल्यावर महिन्यात पानं खुडायला येतात, शेंडे खुडले की बाजूनं अजून फुटते. आमच्या शेजारच्या पद्मशाली काकूंकडं तिला पुंटीकूरा म्हणतात, मागच्या गल्लीतल्या कानडी आजी पुंडीपल्ल्या म्हणतात, आम्ही अंबाडी म्हणतो, तिन्ही घरात फोडणी वेगळी आणि बी एकच, काकूंनी मला ११ वर्षांपूर्वी पदराच्या गाठीतनं दिलेलं. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरनं लसणाची लाल फोडणी आणि भाकरी. असो. भूक लागली लिहिता लिहिता.

अंबाडीबरोबर जूनमध्ये तांदुळजा, तो २५ दिवसांत तयार. गवार. भेंडी लावणार असशील तर एकदोन झाडं लावून फोटो काढत बसू नकोस, एक झाड एकाआड एक दिवस दोन-तीन भेंड्या देतं, पाच माणसांच्या भाजीला आठ-दहा झाडं पाहिजेत, नाहीतर फ्रीजमध्ये भेंड्या जमवत बसायचं आणि पहिल्या जमेपर्यंत दुसऱ्या वाळतात. एका कोपऱ्यात दोडक्याचा वेल, दोरी बांधून कठड्यावर सोडायचा. त्याचं एक गुपित सांगते, दोडक्याचं पिवळं फूल संध्याकाळी उमलतं, दुधीचं पांढरं पण, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. मग बारकी फळं पिवळी पडून गळतात आणि लोक औषधं मारत बसतात. दिवेलागणीला वर जायचं, मागं छोटा दोडका लटकलेलं फूल ते मादी, नुसत्या दांड्यावरचं ते नर, नर फूल तोडून पाकळ्या मागं करून मादीच्या मध्यभागी हलकं फिरवायचं. मुलीला शिकव, ४ वर्षांच्या मुलांना हे फार आवडतं, माझ्या नातवाला तर दुसरं काही सुचत नाही.

आपल्याकडं जूनचा पाऊस बऱ्याचदा हुलकावणी देतो, खरा जोर सप्टेंबरात, म्हणून जूनमध्ये थोडंच लाव आणि हात बसू दे. खरी मजा गणपती उठल्यावर. तेव्हा मेथी, पालक, कोथिंबीर, शेपू, चाकवत, मुळा, आणि तुझा तो टोमॅटो, रोपवाटिकेतनं तयार रोपं आणून. वांग्याची दोन रोपं, मिरचीची चार. मेथीला वेगळं बी घ्यायचं नाही, डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवून पसर, तीन-चार दिवसांत उगवतात, २५-३० दिवसांत कापायला येतात. धने मात्र पोळपाटावर लाटण्यानं हलके दाबून दोन फाका करायचे, मग भिजवायचे, आणि उगवायला आठ-पंधरा दिवस लागतात, सातव्या दिवशी माती उकरून बघायची नाही. मी बघते. तू नको बघू. आणि करडई! दुकानातली करडई पेर, कोवळी असताना भाजी खुड, काटे यायच्या आत. बाजारात ती जुडी चार दिवस दिसते आणि गायब होते, तुझ्या गच्चीवर दोन महिने मिळेल. घोळ आणि चिगळ तर कुंडीत आपसूक उगवतील, तण म्हणून उपटून फेकू नको, पण तुझ्या घरात घोळीचं थोडं थांब, त्यावर खाली बोलते.

बियाण्याच्या दुकानातनं आणलेलं बी गुलाबी, निळं असं रंगीत असलं तर ते औषध लावलेलं असतं. पेरायला ठीक, पण हात धुवायचे, आणि उरलेलं बी मुलीच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही, खायच्या डब्यांजवळ तर नाहीच. कोवळी रोपं वर आली की कबुतरं येतात, त्यांना मेथीचे कोंब म्हणजे मेजवानी, पहिले पंधरा दिवस जुनी मच्छरदाणी टाक.

कीड येणारच, आली म्हणून हरल्यासारखं वाटून घेऊ नकोस. मावा, मिलीबग (पिठ्या ढेकूण) असला तर आधी पाण्याच्या जोरदार धारेनं झाड धू, मिलीबग जुन्या टूथब्रशनं घासून काढ. नाही हटला तर लिटरभर पाण्यात एक छोटा चमचा कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब हलवून संध्याकाळी फवार, दुपारी फवारलंस तर तेलानं पानं भाजतात. मिरचीची पानं वळून गोळा झाली, चुरडा-मुरडा झाला की ते एकच झाड उपटून पिशवीत बांधून टाकून दे, माया करू नको, बाकीची तिन्ही वाचतील. आपलं गाव विड्यांचं, त्यामुळं कुणी ना कुणी येऊन सांगणार की तंबाखूचं पाणी मारा, जालीम आहे. जालीम आहेच, निकोटीन विष आहे म्हणून आहे. विषमुक्त भाजी पाहिजे म्हणून एवढी धडपड करायची आणि पालेभाजीवर तंबाखू शिंपडायची? शिवाय तंबाखूतनं एक रोग टोमॅटो-मिरचीला लागतो, विडी-तंबाखूला हात लावलेला माणूस रोपं हाताळणार असेल तर त्याला पण आधी हात धुवायला लाव.

सासऱ्यांचं. हे जरा गंभीरपणे वाच. गच्चीवरच्या मेथीनं शुगर बरी होत नाही. जेवणात पालेभाजी वाढली, भात-साखर कमी झाली, आणि पाणी घालायच्या निमित्तानं दोनदा जिना चढ-उतर झाला तर फायदाच आहे, पण गोळ्या डॉक्टरांना न विचारता एक दिवस पण बंद करायच्या नाहीत, "आता घरचीच भाजी खातोय की" असं म्हणून गोळ्या सोडलेली माणसं मी बघितलीत. आणि त्यांना मुतखडा आहे ना, तर पालक, घोळ अशा काही पालेभाज्यांत ऑक्झलेट जास्त असतं, काही प्रकारच्या खड्यांत ते वाढू नये म्हणून बघावं लागतं. कुठल्या प्रकारचा खडा आहे आणि कुठल्या पालेभाज्या किती चालतील हे डॉक्टरांनाच विचार, तोपर्यंत पालकाचं क्रेट (फळांचं रिकामं, माती भरलेलं) एकच ठेव, मेथीची दोन कर. पालेभाज्या सगळ्या सारख्या नसतात हे तुला त्या दिवशी कुणी सांगितलं नसणार, ओपीडीत गर्दी असते.

आणि एक भाबडी समजूत काढून टाकते. ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर, १२-१५ कुंड्यांत, पाच माणसांची सगळी भाजी होत नाही. फळांच्या एका क्रेटातनं मेथीची एका वेळची भाजी निघते, तीही दोघांना पोटभर. पैशाचा हिशेब घातलास तर पहिल्या वर्षी बाजारची मेथी स्वस्तच पडेल, लक्ष्मी मार्केटला संध्याकाळी उशिरा गेलीस तर फारच स्वस्त. म्हणून भाजीवाल्या मावशींशी संबंध तोडायचे नाहीत. घरी काय लावायचं तर जे तोडल्यावर तासाभरात मान टाकतं, कोथिंबीर, पुदिना, मेथी, अंबाडीचे शेंडे, आणि जे रोज चिमूटभरच लागतं, कडीपत्ता, मिरची, ओवा, गवती चहा. कांदे-बटाटे-फ्लॉवर बाजारातनंच. बाजारची भाजी मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलीस तर वरची धूळ-मातीच नाही, बरंचसं वरचं औषधही जातं. त्या भीतीनं भाजी खायची कमी करायची नसते.

कडीपत्ता पहिलं वर्ष काही करत नाही, नुसता उभा राहतो, शेजारणी हसतात, महिन्यातनं एकदा आंबट ताक पाणी घालून देत राहा. शेवगा गच्चीवर नको, खाली पुढच्या बाजूला दोन हात मोकळी जमीन असेल तर लाव, पण विजेच्या तारेखाली आणि गाडी उभी करतेस तिथं नको, त्याची फांदी वाऱ्यानं काडकन मोडते.

फेब्रुवारी संपला की गच्ची आवरायला घे. टोमॅटो, मेथी, पालक उरकलेलं असतं. शिल्लक ठेवायचं फक्त कडीपत्ता, पुदिना, गवती चहा, मिरचीची दोन बरी झाडं आणि तुळस. एवढ्या सगळ्या कुंड्या पूर्वेच्या कठड्याला एकमेकींना चिकटवून ठेव, चिकटून ठेवलं की एकमेकींवर सावली धरतात, वर ५० टक्क्यांची हिरवी नेट बांध, नेट नसेल तर जुनी साडी पण चालते, पण ती वाऱ्यानं फाटू नये म्हणून मधून बांधून घे. पाच-सहा कुंड्यांना दिवसाला आठ-नऊ लिटर, आणि बाकी गच्ची सगळी मोकळी. वाळवणाला किती पाहिजे तेवढी.

तर आत्ता लगेच करायचं ते एवढंच, आज बादलीला भोकं पाडून खत लाव, रसवंती बंद व्हायच्या आत दोन पोती चिपाड आणून ठेव, जुनी माती उन्हात पसर, पण सासूबाईंच्या कुरडयांपासून लांब, माती उडून पापडावर बसली तर मी मध्ये पडणार नाही. आणि त्यांना विचार, त्यांच्या माहेरी परसात काय काय होतं. विचारून तर बघ. माझ्या सासूनं ह्या प्रश्नावर दीड तास घेतला होता आणि शेवटी स्वतःच म्हणाली की शेपूत थोडी मेथी मिसळून पेर, दोन्ही बरोबर कापायला येतात.

जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू असेल तेव्हा, तुझ्या त्या चार झाडांवर मिरच्या लगडलेल्या असतील. सगळ्या रोजच्या भाजीत संपवू नकोस. जाड बुटक्या मिरच्या राखून त्यांना दे, सांडगी मिरची घालायला. त्याला तीन-चार दिवस कडक ऊन आणि मोकळी गच्ची लागते, म्हणजे तेव्हा कुंड्या सरकवायला तूच वर पळशील.